हरणाऱ्याचे पाय

माझ्या पुतण्याला यंदा दशावतारी मंडळात राक्षसाची भूमिका मिळाली आणि त्याने आपल्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, एकच गोष्ट मागितली.

"पप्पा, आजोबांची ती मागची चाल माका शिकवा."

दादा सुपारी कातरत बसला होता. त्याने मान हलवली आणि "बघूया" म्हटले. मी पडवीत तांदूळ निवडत होते. दादाचे हे 'बघूया' मला लहानपणापासून ओळखीचे आहे. जी गोष्ट आपल्याला येत नाही तिला तो कधी 'नाही' म्हणत नाही.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण येथेच करून ठेवते. दशावताराला लिहिलेले नाटक नसते. नट तोंडाला रंग लावत असताना मंडळाचा प्रमुख त्या दिवशीचे कथानक सांगतो, कोणी कोणामागून प्रवेश करायचा ते ठरते, आणि संवाद ज्याने त्याने मांडावर, म्हणजे खेळाच्या मोकळ्या जागेत, उभे राहून रचायचे असतात. तालीमही नसते. नवा नट जुन्यासमोर उभा राहतो आणि उभ्या उभ्या शिकतो. कथानकाच्या शेवटी राजा आणि राक्षस यांचे युद्ध होते. ते मृदंगाच्या तालावर होते, आणि त्याला मारामारीपेक्षा नृत्य म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

आमचे बाबा राक्षस करीत. त्यांच्या युद्धाचा शेवटचा भाग असा असे. राजाचा अखेरचा वार होण्यापूर्वी राक्षस मांडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे मागे जाई. पाठ न दाखवता, एकदाही वळून न पाहता, वार झेलत, ताल न सोडता. ज्या राक्षसाचा लोकांनी इतका वेळ राग केलेला असे, तो मांडाच्या कडेला पोचेपर्यंत त्याच्यासाठी त्यांचा जीव कळवळू लागे. बायकांतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावीत. या भागाला पंचक्रोशीत काही नाव नव्हते. आमच्या घरात त्याला मागची चाल म्हणत.

ती चाल मला सांगता आली असती तर हे लिहिण्याचे कारणच उरले नसते. मी ती अनेकदा पाहिली. पण स्त्रिया आणि मुली मांडाच्या एका अंगाला, पुरुषांच्या पाठीमागे बसत. तेथून बाबांचा मुकुट दिसे, खांदे दिसत, वर उचललेली तलवार दिसे. पाय दिसत नसत. घरी ते कधी चालून दाखवीत नसत. दशावतारी माणूस हंगामभर दिवसा झोपतो, आणि पावसाळ्यात शेतात असतो. कोणी विचारलेच तर म्हणत, "मांडार ये, थंय दाखयतंय."

दादा मांडावर गेला. तो अंगाने शेलाटा आणि नाकीडोळी नीटस होता, म्हणून त्याला राजाची भूमिका मिळाली. राजा करणाऱ्याला आमच्याकडे राजपार्टी म्हणतात. पहिले दोन हंगाम बापलेक समोरासमोर उभे राहिले आणि युद्ध जसे चालत आले होते तसेच चालले. त्यानंतर आमच्या वाडीत तो सिनेमा आला.

आमचा एक ख्रिस्ती शेजारी बोटीवर नोकरीला होता. त्या वेळी तो रजेवर आला तो रंगीत दूरदर्शन संच आणि कॅसेट लावण्याचे यंत्र घेऊन. रविवारी चर्चहून परतल्यावर, दुपारची जेवणे झाली की त्याच्या घराच्या खिडक्यांना चादरी लावून काळोख करीत, आणि आम्ही सारे हिंदू-ख्रिस्ती शेजारी जमिनीवर दाटीवाटीने बसत असू. कॅसेटी मोजक्याच होत्या. त्यांतली एक इतकी लावली गेली की पट्टी झिजून चित्रात पावसासारख्या रेघा येऊ लागल्या. सारे गाव तिला 'कराटेचो पिक्चर' म्हणे. कराटे जपानी आणि हा सिनेमा चिनी, हे मी त्या वेळी अध्यापक विद्यालयात शिकत असल्याने आवर्जून सांगत असे, आणि कोणीही ऐकत नसे.

कथा साधी होती. एका शिष्याचा गुरू मारला जातो. शिष्य मारेकऱ्याला शोधून काढतो. भाषा कोणालाच कळत नव्हती. शेजारी आपल्या मनाने अर्थ सांगे. "आता तो म्हणता, माझ्या गुरूक कोणी मारल्यान ता सांग, नायतर तुझी हाडां एका गोणयेत भरतंय." एवढे सगळे त्या नटाने केवळ एका हुंकारात म्हटलेले असे.

शेवटच्या द्वंद्वात मात्र शेजारीही गप्प होई. नायक लढता लढता एकाएकी थांबे. एक पाय उचललेला, हात अर्ध्यावर, नजर समोर. संगीत बंद. वाऱ्याचा आवाज तेवढा येई. मग एकच वार, आणि शत्रू कोसळे. दादा हा प्रसंग पाहताना श्वास घेत नसे, हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलेले आहे. संपले की शेजाऱ्याला, मालकाला म्हणावे तसे, म्हणे, "पात्रांव, परत लाव." शेजारी म्हणे, "अरे, तो झिजान मरतलो!" आणि परत लावी.

दोष त्या सिनेमाचा नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने आमच्या गावाला बरेच दिले. पोरे नारळाच्या बागेत पहाटे उठून व्यायाम करू लागली. दारूच्या गुत्त्यावर बसणारी काही त्यामुळे तेथून उठली. मालवणात पुढे कराटेचे वर्ग निघाले, माझ्या शाळेतल्या मुलीही त्यात जाऊ लागल्या, आणि त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली. एखादी कलाकृती दूरच्या देशातून, न कळणाऱ्या भाषेतून येऊन इतके करू शकते, याचे मला आजही आश्चर्य वाटते. पण ती आली त्या वेळी आमच्याकडची जागा रिकामी नव्हती. तेथे काहीतरी होते.

त्या हंगामातल्या एका जत्रेत दादाने ते केले. बाबा मागच्या चालीला लागले होते. पहिली काही पावले मागे गेले असतील, तोच राजा एका पायावर उभा राहून थांबला. तलवार अर्ध्यावर, नजर समोर. मंडळाच्या मृदंगवाल्या काकांचे हात क्षणभर अडखळले आणि तेही थांबले. दशावतारात युद्ध चालू असताना मृदंग थांबल्याचे त्यापूर्वी कोणी ऐकलेले नव्हते. सगळी जत्रा गप्प झाली. मग दादाने एकच वार केला. बाबांना मांडाच्या कडेपर्यंत जाता आले नाही. ते होते त्याच जागी पडले. आणि लोकांनी शिट्या मारल्या, टोप्या उडवल्या, पोरे ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज जेवताना बाबा हसत हसतच म्हणाले, "काल तू माका मरूक येळच देवक नाय."

आई चुलीपाशी होती. तिला सगळी हकिगत शेजारणीकडून कळली होती. "रे मेल्या, बापाशीक असा आपटतत? कंबर मोडली असती म्हणजे?"

"लोकांनी शिट्यो मारल्यानी, बाबा," दादा म्हणाला.

"मारल्यानी तर. मिया पडल्या जाग्यार आयकत होतंय."

आम्ही सगळे हसलो. मग बाबांनी पेजेचे भांडे खाली ठेवले आणि शांतपणे जे सांगितले ते मला शब्दशः आठवते, कारण त्यांनी आपल्या कलेविषयी काही सांगावे असे क्वचितच घडे. "आयक. युद्ध जिकणारो चालवणा नाय, हरणारो चालयता. जिकणाऱ्यान फक्त तेका वाट देवची. ती चाल माझ्याकडसून शिकान घे. उद्या माझ्या जाग्यार तुका उभा रवाचा लागात."

"हरूक शिकान काय करू, बाबा?" दादा म्हणाला. "मिया राजपार्टी."

त्यात उद्धटपणा नव्हता. तो विशीतला होता आणि आदल्या रात्री शेकडो माणसे त्याच्यासाठी गप्प झाली होती.

यानंतरची हकिगत थोडक्यात सांगता येते. त्या थांबण्याला मंडळात 'स्टॉप' म्हणू लागले. दादाचा स्टॉप पाहायला देवगडाकडून, कुडाळाकडून लोक येऊ लागले. दुसऱ्या मंडळांच्या राजपार्टींनी तो उचलला. मृदंगवाल्यांनी त्यासाठी खास तोडा बसवला, जो ऐन जोरात येऊन तुटतो. बाबा दोनतीन वर्षे त्या जागी पडत राहिले. मग गुडघे दुखतात असे सांगून त्यांनी काम सोडले, आणि काही वर्षांनी गेले. परवा कोणी अभ्यासक आमच्याकडच्या एका तरुण नटाची मुलाखत घेत होते. युद्धातला हा विराम कोठून आला, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, "आमची परंपराच आसा ती." मी जवळच उभी होते. चूक दिसली की ती दुरुस्त करायची ही माझी आयुष्यभराची सवय. पण त्या दिवशी माझ्याने बोलवले नाही.

पुतण्या बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करतो. बोलणे कमी, पण हातात घेतलेले काम अर्धे टाकत नाही. त्याने आपल्या आजोबांना पाहिलेले नाही. त्यांच्या चालीविषयी त्याने ऐकले ते म्हाताऱ्या बायकांकडून, आणि ते ऐकून त्याने राजाची भूमिका नाकारून राक्षसाची मागून घेतली. यात केवढा धीर लागतो ते मंडळातली माणसेच जाणतात. तालुक्याच्या गावी दुपारच्या नाट्यमहोत्सवात त्यांचा प्रयोग ठरला होता. तोपर्यंत त्याला ती चाल हवी होती.

एका रविवारी सकाळी मृदंगवाल्या काकांना रिक्षाने आणले. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. अंगणात, आम्ही ज्याला खळे म्हणतो तेथे, चटई घातली. काकांनी मृदंगाला पीठ लावले, कान देऊन पाहिले, आणि मागच्या चालीचा ताल धरला. तो त्यांच्या हातात जसाच्या तसा होता. इतक्या वर्षांनी तो ऐकून मला बाबांचा मुकुट मागे मागे जाताना दिसू लागला.

दादा मागे जाऊ लागला. काही पावले बरी पडली. मग त्याचा पाय उचलला गेला, हात अर्ध्यावर आला आणि तो थांबला. काका वाजवीतच राहिले.

"परत," दादा म्हणाला.

परत तसेच झाले. त्यानंतरही तसेच.

"मेल्या, तुझ्या आंगात तो चिनी बसलो हा," काका म्हणाले. "नारळ दे तेका आणि वाटेक लाव."

पुतण्या हसला, दादा हसला नाही. "काका, तुमी तर थंयच बसलेले असा. तुमका तरी पाय दिसले असतले."

"आमी पायांक बघणव नाय रे. खांद्यांक बघतो. पाय उचलूच्या आदी खांदो सांगता." काकांनी मृदंगावर हात ठेवला. "खांदे इचारशीत तर आताच्या आता सांगतंय."

मी एक पद्धतशीर सूचना केली. जे वरून मिसळले आहे ते नेमके किती ते एकदा पाहावे, म्हणजे ते वजा करता येईल. तो सिनेमा मिळतो का, असे मी पुतण्याला विचारले. मला त्याला नाव सांगता येईना. दादालाही ते कधी ठाऊक नव्हते. पण दादाने गोष्ट सांगितली आणि पोराने तेथेच बसून मोबाइलवर बरेच शोधून तो काढला. आम्ही चौघे त्या वीतभर पडद्याभोवती वाकलो.

तो प्रसंग आला आणि गेला. दादाने तो परत लावायला सांगितला. नायक थांबत होता हे खरे. पण डोळ्याचे पाते लवावे एवढाच वेळ. दादाने वर्षानुवर्षे शिट्यांच्या मागे जाऊन तो ताणला होता. वाऱ्याचा आवाजही नव्हता. तो बहुधा आमच्या शेजाऱ्याच्या माडांचा असावा.

"ह्यो बघा," पुतण्या म्हणाला. "ह्यो हरणारो पण मागे जाता हा."

खरोखरच जात होता. नायक थांबण्याच्या आधी शत्रू मागे सरत होता, आणि त्याचे खांदे ज्या रीतीने हलत होते त्यावरून तो काही साधेसुधे चालत नव्हता. पुतण्याने चित्र थांबवले, मागे घेतले, पुन्हा पाहिले. पण चित्र कमरेच्या वरचेच होते. पाय कोठेच नव्हते.

दादा मोबाइलपासून मागे सरला.

"माका ती चाल येतच नाय," तो म्हणाला. "इसारलंय असा न्हय. माका कधी येतच नव्हती. मिया सामको बाबांच्या समोर उभो होतंय, सगळ्यांपेक्षा लागी. पण तेंच्या पायांकडे मिया बघूकच नाय. मिया माणसांकडे बघत होतंय."

मग पुतण्या उठला आणि खळ्याच्या मध्यभागी राक्षसाच्या जागी उभा राहिला. "मगे तुमी राजा करा, पप्पा. तुमी पुढे येवा, मिया मागे जातंय. पाय चुकलो तर सांगा."

त्यांनी तसे केले. दादा गुडघे सांभाळीत पुढे सरे, पोरगा मागे जाई, काका खांदे सांगत. "डावो पाड. अजून. आता वर घे." समोरून येताना दादाला थोडेफार आठवू लागले. शिकवलेले नव्हे, अंगावर आलेले: येथे बाबा लांब जात, येथे जवळ येत, येथे त्यांचा श्वास ऐकू येई. असे करीत करीत ते त्या जागेपर्यंत पोचले जेथे दादा पहिल्यांदा थांबला होता. त्याच्या पुढचे त्याला काहीच सांगता येईना. ती जागा ओलांडून बाबा पुढे गेले ते आधीच्या दोन हंगामांत. त्या वेळी दादाच्या मनात स्वतःचा अखेरचा वार कसा दिसेल एवढेच होते. आम्ही दुपारपर्यंत प्रयत्न केला. काकांनी मृदंग बाजूला ठेवला तेव्हा थांबलो.

महोत्सवाच्या दिवशी दादा आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तेथे स्त्रियांची वेगळी बाजू नव्हती, आणि रंगमंच उंच असल्यामुळे पाय स्पष्ट दिसत होते. युद्ध सुरू झाले. पुतण्या मागे जाऊ लागला आणि मी पुढे सरकून बसले. पावले संथ, पक्की पडत होती. सभागृहातली कुजबूज थांबली. माझ्या शेजारची एक वृद्ध बाई, जिला आमच्याविषयी काही माहीत असण्याचे कारण नव्हते, आपोआप हात जोडून बसली. दादा ओठांतल्या ओठांत ताल मोजीत होता.

राजा करणारा मुलगा नवा आणि हुशार होता. त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते, कारण दशावतारात तालीम नसते, आणि पुतण्याचा स्वभाव दुसऱ्याच्या कामात सूचना करण्याचा नाही. रंगमंचाच्या मध्यावर तो मुलगा एका पायावर थांबला. तलवार अर्ध्यावर, नजर समोर. मृदंगाचा तोडा तुटला. पुतण्याचा मागे गेलेला पाय तसाच राहिला. पुढची पावले त्याच्याकडे नव्हतीच. असती तरी ती टाकायला वाट नव्हती. वार झाला आणि तो तेथेच पडला. शिट्या, टाळ्या, मोबाइलचे दिवे. वृद्ध बाईने हात सोडवून टाळ्या वाजवल्या.

प्रयोगानंतर आम्ही रंगपटात गेलो. पुतण्या तोंडाला खोबरेल चोळून रंग काढीत होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा आरशात पाहू लागला. तेवढ्यात राजा झालेला मुलगा मुकुटासकट धावत आला. ज्या माणसाने स्टॉप पहिल्यांदा केला तो समोर उभा आहे, हे त्याला कोणीतरी सांगितले असावे. त्याने दादाच्या पायांना हात लावला. त्याचे डोळे चमकत होते.

"काकानू, स्टॉप बरो बसलो मां?"

दादाने आपल्या पोराच्या आरशातल्या तोंडाकडे पाहिले. मग त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसलो," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरो बसलो."